नुसता कातळ? सड्यावर वही-पेन्सिल घेऊन

सड्यावरची

कातळशिल्पं पेपरात झळकल्यापासून कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट माथ्यांवर, गाड्या यायला लागल्यात. चांगलंच आहे. पण पाहुणे येतात ते मे महिन्यात, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत. पायाखाली तापलेला काळा-तांबडा जांभा, दोन-चार काटेरी झुडपं, लांबवर एखादी कलमांची बाग. कातळात कोरलेल्या हत्तीचा फोटो काढायचा, "बाकी काही नाही हो इथे" म्हणायचं आणि गणपतीपुळ्याला जेवायला निघायचं. हा धागा त्या "बाकी काही नाही"बद्दल आहे.

मी राजापूर तालुक्यातली. बीएस्सीला वनस्पतीशास्त्र होतं, चित्रकला कुठे शिकलेली नाही. पावसाळ्यात सड्यावर गोणपाट टाकून बसते आणि झाडं काढते. (झाडं म्हणजे बहुतेक वितीपेक्षा बुटकीच.)

दीपकाडीपासून सुरुवात करू. पाऊस लागला की ही फुलते. जमिनीत कांदा, वर चार-दोन अरुंद पानं आणि दांड्यावर पांढरीशुभ्र फुलं. शास्त्रीय नाव डिपकॅडी कोंकणेन्स. एकोणिसाव्या शतकात डालझेल या वनस्पती-अभ्यासकाने तिचं वर्णन केलं. कोकणातले सडे आणि आसपासचा पट्टा सोडला तर जगात कुठे उगवत नाही. आता पांढऱ्या कागदावर पांढरं फूल काढायचं कसं? तर फूल काढायचंच नाही. मागचा कातळ काढायचा आणि फुलाची जागा कोरी सोडायची.

गंमत इथेच सुरू होते. कातळ काढायला घेतला की तो एकसारखा नाही हे दिसायला लागतं. इथे बोटभर मातीचा खळगा, तिथे नुसती भेग, पलीकडे पाणी साचून राहिलेलं डबकं, त्याच्या काठाने अखंड झिरपणारी ओल, मधेच शेवाळाची गादी. आणि प्रत्येक जागेचे भाडेकरू वेगळे! दीपकाडी मातीच्या खळग्यात. झिरपणाऱ्या ओलीवर सीतेची आसवं आणि गेंद, त्यांच्या मधेमधे तांबूस दवबिंदू (तिन्ही झाडांचीच नावं). पूर्ण उघड्या दगडावर दगडफूल आणि तुरळक गवत. दोन पावलांवर परिस्थिती बदलते म्हणून झाडंही बदलतात. हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं, पेन्सिलीने कळलं.

आणि सातबारा काढला तर या सगळ्याची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी.

अजून कोण कोण सड्यावर जातं? चित्रं, फोटो, नोंदी, आठवणी, भांडणं, सगळं टाका.

पावसाळी_बेडूक

भारी धागा. एक बाळबोध प्रश्न. आता मोबाईलचे कॅमेरे इतके चांगले आहेत. फोटो काढून घरी निवांत चित्र काढलं तर काय बिघडलं? भिजायची हौस आहे का तुम्हाला?

सड्यावरची

हौस आहेच. :) पण कारणही आहे.

सीतेच्या आसवांचा फोटो सगळ्यांकडे असतो, निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा. त्या फोटोत झाडाचा महत्त्वाचा अर्धा भाग नसतोच. ही युट्रिक्युलेरिया, हिला खरी मुळं नाहीत. ओल्या मातीत दोऱ्यासारखे धागे पसरलेले असतात आणि त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे फुगे. फुग्याला एक झडप, झडपेजवळ केस. फुग्यातलं पाणी झाड सतत बाहेर टाकत असतं, त्यामुळे आत ओढ तयार होते. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. पापणी लवायच्या आत. मग तिथेच पचन. सड्यावरच्या मातीत नत्र आणि स्फुरद नसल्यात जमा, म्हणून हा उद्योग. दवबिंदूचाही तोच, फक्त त्याचा कारभार चिकट केसांवर चालतो.

चित्र काढताना मी "खाली काय आहे?" या प्रश्नाशी अडते, कारण कागदावर खालची जागा रिकामी दिसते. फोटोत ती रिकामी दिसत नाही, चौकटीबाहेर जाते. म्हणून भिंग काढावं लागतं. उपटायचं मात्र नाही. पाण्याच्या धारेने माती वाहून उघडी पडलेली झाडं डबक्याच्या काठाला सापडतात, त्यांवरच काम भागवायचं.

चिरेबंदी

+१. मी भूशास्त्रवाला, त्यामुळे फुलांच्या खालच्या मजल्यावर बोलतो.

जांभा म्हणजे झिजून उरलेला खडक. आपल्याकडे मूळचा बेसाल्ट. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस लाखो वर्षं मिळाला की त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम विरघळून वाहून जातात. लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात, म्हणून तो तांबडा. आतला जांभा खोदताना मऊ लागतो, हवा लागली की कडक होतो. चिरे पाडणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. 'लॅटेराइट' हे नाव बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने केरळातल्या अंगाडीपुरमला पाहिलेल्या अशाच दगडाला दिलं, १८०७ मध्ये.

मुद्दा पाण्याचा. जांभा भोकाभोकांचा, त्यामुळे पाऊस आत मुरतो. खाली पांढरट-तांबूस चिकणमातीचा थर असतो, तिथे पाणी अडतं आणि आडवं सरकत सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. कोकणातल्या वाड्या नकाशावर बघा. सड्याच्या माथ्यावर सहसा नाहीत, उतारावर आहेत, जिथे हे पाणी फुटतं तिथे. वर माथ्यावर जे "काही नाही" आहे ते खालच्या विहिरीत उतरतं. वर खाण खोल गेली आणि चिकणमातीचा थर फुटला की खालच्या वाडीला टँकर.

संकासुर

सगळं वाचलं. आता माझं ऐका.

माझ्या नावावर कातळ आहे. आजोबांनी त्यावर गुरं चारली, वडिलांनी पावसात गवत कापून विकलं. आता गुरं नाहीत आणि गवताला गिऱ्हाईक नाही. मुलगा ठाण्याला. चिरेखाणवाला दर वर्षी विचारायला येतो, दुसरा एक जण सुरुंग लावून खड्डे पाडून, माती आणून हापूस लावू म्हणतो. तुमच्या दीपकाडीने माझ्या नातीची फी भरणार आहे का? तुम्ही गोणपाटावर बसून चित्र काढा, चहा माझ्याकडे प्या, पण माझ्या जमिनीचं काय करायचं ते चित्र बघून ठरणार नाही.

(आई सांगायची, "थंय काय नाय, नुसतो कातळ." तिला युट्रिक्युलेरिया माहीत नव्हती, पण कुठल्या खळग्यात पाणी मार्चपर्यंत टिकतं हे नेमकं माहीत होतं.)

दापोडीकर

संकासुरकाका, तुमच्या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे, पण एक जुनी गोष्ट आहे. ती तुमच्या बाजूची की विरुद्ध ते तुम्हीच ठरवा.

पुण्याजवळच्या दापोडीला १८२८ पासून सरकारी वनस्पती उद्यान होतं. १८३८ पासून त्याचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरकडे. त्याने १८४७ ते १८५० च्या सुमारास बागेतल्या आणि रानातल्या झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत, 'दापुरी चित्रं' म्हणून ओळखली जातात. पानाची शीर न् शीर, पाकळीची वळलेली कड, बी कापून आतला भाग. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय, म्हणजे बहुधा आपल्या गोव्याकडचा. त्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. गिब्सनचं नाव आहे, झाडांची लॅटिन नावं आहेत, ज्याने महिनोन् महिने डोळे फोडले त्याचं नाही. मला हे फार लागतं.

आता पुढचा भाग. हाच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. दक्षिण कोकणातली जंगलतोड आणि त्यामुळे आटणारे झरे याबद्दल त्याने सरकारला लिहिलं. पुढे १८६१ मध्ये डालझेल आणि गिब्सन यांनी मिळून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचं पुस्तक छापलं. धागाकर्तीच्या दीपकाडीवाला डालझेल तो हाच. त्याच माणसांनी झाडं वाचली, काढून घेतली आणि राखायचा प्रयत्न केला. हे तीन वेगळे विभाग नव्हते.

संकासुर

गोष्ट छान आहे, पण अर्धी सांगितलीत. डोंगरावरच्या लोकांच्या कुमरी शेतीच्या (रान तोडून-जाळून करायच्या फिरत्या शेतीच्या) विरोधातही हाच गिब्सन होता. रान राखायचं म्हणजे पहिला दंडुका गरिबाच्या कोयत्यावर. चित्रकाराचं नाव नोंदवलं नाही आणि कुमरीवाल्याचं पोट नोंदवलं नाही. दोन्हीकडे तोच साहेब.

दापोडीकर

कबूल. यावर मला वाद घालायचा नाही.

उन्हाळी_गवत

मे महिन्यात काही नसतं असं धागाकर्तीनेही सूचित केलंय, त्याला माझा जोरदार आक्षेप! मे महिन्यात कातळावर जे गवत वाळून काडी झालेलं दिसतं, त्यातलं काही मेलेलं नसतं. ट्रायपोगॉनसारखी गवतं अंगातलं जवळजवळ सगळं पाणी घालवून बसतात. चुरगाळलेला पापड दिसतो. पहिल्या पावसानंतर थोड्याच वेळात तीच पानं पुन्हा हिरवी होतात. नवी फुटत नाहीत, तीच! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा ६२ जाती नोंदवल्या आहेत. आधी भारतातून जेमतेम नऊ माहीत होत्या. त्यांचं एक मुख्य ठिकाण कुठलं? उघडा कातळ. दुष्काळात टिकणारी पिकं शोधायची असतील तर ही युक्ती याच "पोटखराब्या"त शिकावी लागेल.

म्हणून माझा आग्रह: एकाच खळग्याचं चित्र मेमध्ये काढा आणि तेच जूनअखेरीस.

सड्यावरची

@उन्हाळी_गवत, आक्षेप शिरसावंद्य. मेमध्ये कातळावर बसायला काय घालून येता तेही सांगा, गोणपाटाचा तवा होतो.

पालवाला

एक विनंती. सड्यावर सुट्टे दगड उलटायची सवय असेल तर हात आवरा. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस नावाची छोटी, पांढऱ्या पट्ट्यांची पाल आहे. १९६३ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. ती कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरच राहते. घरातल्या पालीसारखी भिंतीवर चढत नाही, जमिनीवरची आहे. दिवसा सुट्ट्या दगडाखाली बसते, रात्री किडे खाते. तिच्या दृष्टीने सुट्टा दगड म्हणजे घर. कुणी गडग्यासाठी (दगडी कुंपणासाठी) सगळे दगड वेचून नेले की सडा वरून तसाच दिसतो, गवतही येतं, पण पाल जाते. उपग्रहाच्या नकाशात हे दिसणार नाही.

उलटलाच दगड तर होता तसाच, त्याच बाजूने, त्याच जागी. आणि दुसरं कारण फुरसं. तेही तिथेच बसतं आणि त्याला तुमच्या चित्रकलेत रस नसतो.

गोंयकार

आमच्या गोव्यातल्या सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठाला पणसायमळचा कातळ आहे. बैल आहेत, चक्रव्यूह आहे. २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली: रत्नागिरीतली सात (कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे वगैरे), सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि आमचं हे.

मला सांगायचंय ते वेगळं. सगळे विचारतात, ही कुणी काढली, कधी काढली. काळाबद्दल तज्ज्ञांत अजून चर्चा चालू आहे, हजारो वर्षं मागे जातात एवढं धरून चाला. पण काय काढलंय ते बघा की. कशेळीचा हत्ती साधारण अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. मासे आहेत, शार्क आहे, पाकट आहे. काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात कुठे औषधालाही नाही. म्हणजे कुणीतरी या जनावरांकडे नीट, बराच वेळ बघितलं होतं. रेषा एकदा खोदली की खोडरबर नाही. पाकटीची शेपटी कुठून सुटते हे आधीच माहीत असावं लागतं.

चिरेबंदी

@गोंयकार, अगदी. आणि सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी गावोगाव फिरून ही शिल्पं उजेडात आणली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी वाट दाखवणारे गुराखीच होते. उक्षीला ग्रामस्थांनी हत्तीभोवती चिऱ्यांचा कठडा बांधून घेतलाय, वरून उभं राहून बघता येतं.

पण एक खटकतं. शिल्पाभोवती कठडा आला की कठड्याबाहेरचा कातळ "मोकळा" समजला जातो. गाडी लावायला, खाणीला, प्रकल्पाला. हत्ती वाचला आणि ज्या सड्यावर तो काढला तो गेला, तर आपण नेमकं काय राखलं?

सातारकर

आम्ही कासवाले यातून गेलोय, त्यामुळे थोडं अनुभवाचं. कास बाराशे मीटरवर, तुमचे सडे समुद्राजवळचे. दगड एकाच जातीचा, फुलं बरीच वेगळी. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ जागा जागतिक वारशात गेल्या, त्यात कास होतं. मग जी झुंबड उडाली! गालिच्यात आडवं पडून फोटो. शेवटी शुल्क आलं, आगाऊ नोंदणी आली, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आली, आसपासच्या गावांच्या समितीतल्या पोरांना काम मिळालं. संकासुरकाका, हे तुमच्यासाठी लिहितोय. पैसा काही प्रमाणात गावात आला.

पण लोखंडी जाळीचं कुंपणही आलं. माणसं अडली तशी गुरंही अडली. चराई थांबल्यावर उंच गवत माजतं आणि बुटक्या फुलांना ऊन मिळत नाही, अशी तक्रार स्थानिक लोक करत होते. बरीच वर्षं वाद चालला, अखेर कुंपण काढलं. तेव्हा सड्याला हात न लावणं म्हणजेच राखणं, असं समजू नका. म्हशीच्या खुरांचाही त्यात वाटा आहे. वणव्याचं मात्र समर्थन करणार नाही.

संकासुर

हे पहिलं कामाचं बोललात. म्हणजे माझ्या वडिलांच्या गुरांमुळे तुमची फुलं होती! गुरं परत आणायला अनुदान देणार असाल तर मी चित्रालासुद्धा बसतो.

बरं, चेष्टा सोडा. खाणवाल्याला या वर्षी "बघू" म्हटलंय. फुलांसाठी नाही. चिरेबंदींनी झऱ्याचं लिहिलं त्यासाठी. आमच्या वाडीची विहीर सड्याच्या कडेलाच आहे आणि माझा कातळ बरोबर तिच्या डोक्यावर. "नाही" म्हटलेलं नाही, नोंद घ्या.

सड्यावरची

घेतली. काका, तुमच्या आईला माहीत असलेले खळगे तुम्हाला आठवतात का? मार्चपर्यंत पाणी टिकणारे? त्यांचा हाताने काढलेला नकाशा मला कुठल्याही चित्रापेक्षा मोलाचा आहे. जैवविविधता नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीने करायची असा कायदाच आहे, २००२ चा. बऱ्याच ठिकाणी ती कुणीतरी तालुक्याला बसून भरते आणि त्यात सड्याचं पान कोरं असतं. तिथे असा नकाशा, झाडांची चित्रं, कोणत्या महिन्यात काय फुलतं याची यादी लागली, तर उद्या "इथे काहीच नव्हतं" म्हणणाऱ्यासमोर ठेवायला कागद असेल. सातबारा त्याने बदलणार नाही, हे मलाही ठाऊक आहे.

संकासुर

आठवतात. चार-पाच तरी. काढतो. चित्रकला भयंकर आहे, हसायचं नाही.

खडू_आणि_फळा

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, शाळेला लागूनच सडा आहे. वाचून डोक्यात आलं: प्रत्येक मुलाला सुतळीचा एक मीटरचा चौकोन द्यायचा आणि पावसाळाभर दर आठवड्याला त्यात जे दिसेल ते काढायला लावायचं. नावं नाही आली तरी चालतील. सड्यावरची ताई, साहित्य काय लागेल? आमचं बजेट म्हणजे खडूच. आणि पावसात कागदाचा लगदा होतो, त्याचं काय करता?

सड्यावरची

कल्पना फर्स्टक्लास. सांगते.

कागद महाग नको. पाठकोऱ्या कागदाचे तुकडे पुठ्ठ्यावर दोन चिमट्यांनी लावा आणि वरून प्लास्टिकची मोठी पिशवी, हात आत घालून काढायचं. विचित्र दिसतं, पण चालतं. पेन अजिबात नको, शाई फुटते. साधी एचबी पेन्सिल ओल्या कागदावर जास्त दाबू नये, कागद फाटतो. रंग शाळेत आल्यावर. रंगाचं नाव मात्र जागेवरच लिहून ठेवा, नाहीतर घरी आल्यावर सगळं जांभळं आठवतं. प्रत्येक चित्राशेजारी मुलांनी स्वतःचं नख किंवा बोट काढायचं, म्हणजे माप कळतं. तारीख हवीच. आणि चित्रकाराचं नाव, दापोडीकरांसाठी.

फुलं तोडायची नाहीत हे पहिल्या दिवशी सांगा. चौकोन टाकायच्या आधी काठीने आपटून बघा, सगळ्यांच्या पायात बूट हवेत, चप्पल चालणार नाही. पालवाल्यांनी फुरशाचं लिहिलंय ते गंमत म्हणून घेऊ नका. जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे का ते आधी फोन करून विचारा. वीज कडाडायला लागली की सड्यावर उंच तुम्हीच असता, तेव्हा सगळं तिथेच टाकून खाली उतरायचं.

चौकोन निवडताना एक तरी कोरडा, "काहीच नसलेला" घ्या. तो वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलाला द्या.

खडू_आणि_फळा

बडबड्या कोण ते ठरलेलं आहे. सुतळी उद्याच बाजारातून आणते.